संत क्लेअरचे चरित्र आणि तिची नियमावली

असिसीच्या संत क्लेअरचे चरित्र सामान्यतः ज्या लॅटिन ग्रंथाच्या आधारे सांगितले जाते, तो तिला १२५५ मध्ये संतपद मिळाल्यानंतर पोप चौथा अलेक्झांडर याच्या आज्ञेवरून सिद्ध झाला. परंपरा त्याचे कर्तृत्व चेलानोच्या टोमासकडे देते. सरदार घराण्यातील एक कन्या १२१२ च्या सुमारास, झावळ्यांच्या रविवारी रात्री गृहत्याग करते. फ्रान्सिस तिचे केस कापतो. पुढे सान दामियानोच्या मठात ती सुमारे चाळीस वर्षे काढते. ही कथा चित्तवेधक आहे खरी. परंतु गृहत्याग, उपवास, दुखणे आणि चमत्कार ही संतचरित्रांची ठरीव सामग्री होय. तीतून साध्वी दिसते, संस्थापिका फारशी दिसत नाही.

संस्थापिकेचा शोध घ्यावयाचा तर तिच्या नियमावलीकडेच वळले पाहिजे. १२१९ मध्ये कार्डिनल उगोलिनोने या भगिनींना बेनेडिक्टच्या नियमावर आधारलेली शिस्त घालून दिली. १२४७ मध्ये पोप चौथा इनोसंट याच्या नियमाने त्यांना सामाईक मालमत्ता बाळगण्याची मुभा दिली. क्लेअरला ही मुभा नको होती. तिच्या स्वतःच्या नियमावलीस पोपची मान्यता मिळाली ती ९ ऑगस्ट १२५३ रोजी, म्हणजे तिच्या मृत्यूच्या अवघे दोन दिवस आधी. तीत मठप्रमुख भगिनींनी निवडावयाची आहे, अपात्र ठरल्यास तिला बदलावयाचे आहे, आणि सर्वांच्या संमतीवाचून मोठे कर्ज काढावयाचे नाही.

नियमावलीच्या आरंभी क्लेअर स्वतःला फ्रान्सिसचे रोपटे म्हणवते. हे शिष्येचे नम्र उद्गार मानण्याची रीत आहे. तथापि संदर्भ पाहता त्यांत निराळे सामर्थ्य जाणवते. नियमावलीच्या सहाव्या प्रकरणात, जिथे दारिद्र्याचा प्रश्न येतो नेमक्या तिथेच, ती प्रथमपुरुषी बोलू लागते आणि फ्रान्सिसला दिलेल्या वचनाची साक्ष काढते. १२२६ मध्ये दिवंगत झालेल्या गुरूचे नाव येथे धर्मसत्तेपुढे मांडलेला आधार बनते. नम्रता हेच तिच्या आग्रहाचे साधन आहे.

चरित्रग्रंथ त्याज्य आहे, असे यावरून म्हणावयाचे नाही. पोप नववा ग्रेगरी तिला दारिद्र्याच्या व्रतातून मोकळी करू पाहतो आणि ती नकार देते, हा प्रसंग त्यानेच जपला आहे. मात्र तो प्रसंग केवळ वैराग्याचा नव्हे, तर आपल्या समाजाचे स्वरूप कोणी ठरवावे या वादाचा आहे, हे नियमावली शेजारी ठेवून वाचल्यावरच ध्यानात येते.