मीठ म्हणजे सोडियम नव्हे

२०१७ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात मेरी सून ली या कवयित्रीचे ११९ हायकू प्रसिद्ध झाले. आवर्तसारणीतल्या ११८ मूलद्रव्यांवर प्रत्येकी एक, आणि अजून कुणालाही तयार करता न आलेल्या ११९व्या मूलद्रव्यावर शेवटचा. २०१९ मध्ये, मेंडेलिएव्हच्या सारणीला दीडशे वर्षे होत असताना, त्यांचे पुस्तकही निघाले. रसायनाच्या शिक्षकांना ही कल्पना भावली नसती तरच नवल. तीन ओळी, एक मूलद्रव्य, एक तासिका. शिरीष पै यांनी हायकू मराठीत रुजवलेला असल्याने आपल्या वर्गांनाही हा गृहपाठ परका वाटण्याचे कारण नाही. प्रश्न असा, की त्यातून जे हाती येते ते कविता म्हणून वाचायचे की उजळणी म्हणून?

अशा लेखनाचा साचा लवकर ओळखू येतो. मूलद्रव्य ‘मी’ म्हणून बोलू लागते, अणुक्रमांक सांगते, आपले उपयोग मोजते आणि शेवटी ‘सांगा, मी कोण?’ असे विचारते. हेलियम फुग्यातून हसतो, सोने गर्विष्ठ असते, निऑन रात्री दुकानांच्या पाट्या उजळतो. कोडे हा आपल्याकडचा जुना आणि कसदार प्रकार आहे. पण कोड्यात वस्तू लपवलेली असते. इथे ती मुळात आलेलीच नसते. आलेला असतो तो पाठ्यपुस्तकातला परिच्छेद, यमक लावून.

दोष एकट्या मुलांचा नाही. ‘रोजच्या जीवनातली मूलद्रव्ये’ हा विषयच फसवा आहे. विद्यार्थी लिहितो, की आमटीत सोडियम आहे. आहे, पण कसा? सोडियम धातूचा तुकडा पाण्यात टाकला तर पेट घेतो. क्लोरीन हा विषारी वायू. दोघे मिळून जे होते ते आपण चिमटीने पानात वाढतो. कवितेला लागणारे सारे नाट्य या रूपांतरात आहे, आणि ‘मी सोडियम, मी चव आणतो’ या ओळीत नेमके तेच गळून जाते. सुटे मूलद्रव्य घरात भेटते तरी किती? तांब्याची तार, अ‍ॅल्युमिनियमची फॉइल, जुन्या थर्मामीटरमधला पारा. यादी लवकर आखडते. बाकी सगळी मूलद्रव्ये कुणाच्या तरी संगतीत असतात.

प्रिमो लेवीला हे पक्के ठाऊक होते. तो स्वतः रसायनतज्ज्ञ होता. १९७५ साली आलेल्या त्याच्या ‘आवर्तसारणी’ या पुस्तकात २१ प्रकरणे आहेत आणि प्रत्येकाला एकेका मूलद्रव्याचे नाव आहे. शेवटच्या प्रकरणात कार्बनचा एक अणू चुनखडीतून भट्टीत सुटतो, हवेत भटकतो, द्राक्षाच्या पानात शिरतो आणि बऱ्याच काळाने दुधाच्या पेल्यातून लेखकाच्या मेंदूपर्यंत पोहोचतो. हा अणू स्वतःची ओळख करून देत नाही. तो कुठून कुठे गेला एवढेच लेवी सांगतो.

मराठी विद्यार्थ्याजवळ तर आणखी एक भांडवल आहे, आणि तो ते वापरत नाही याची खंत वाटते. त्याला मूलद्रव्यांची दोन-दोन नावे येतात. ‘टिन’वर लिहायला सांगितले की तो डब्यावर लिहितो. ‘कथील’ म्हटले तर कल्हई आठवण्याची शक्यता तरी आहे: तापवलेले पितळी पातेले, नवसागराचा उग्र धूर, कथलाची कांडी टेकताच वितळून पसरणारी चकाकी. आणि ती कशासाठी? ताक कळकू नये म्हणून. ‘कळकणे’ हे क्रियापद ज्या भाषेत आहे तिथे आंबट पदार्थ आणि तांबे-पितळ यांच्यातल्या अभिक्रियेसाठी निराळी प्रतिमा शोधावी लागत नाही.

तीच गोष्ट खताची. फॉस्फरस वहीत राहतो. स्फुरद शेतकऱ्याच्या घरात बोलला जातो, नत्र आणि पालाश यांच्यासोबत. ‘स्फुरण’शी नाते सांगणारे हे नाव अंधारात चमकणाऱ्या द्रव्याला किती शोभते! पोत्यावर १०:२६:२६ असे छापलेले असते, आणि तिथेही गंमत अशी, की मधला आकडा निव्वळ स्फुरदाचा नसतो, त्याच्या ऑक्साइडच्या हिशेबाने मोजलेला असतो. म्हणजे पोतेसुद्धा मूलद्रव्य सुटे देत नाही. त्या तीन आकड्यांत उधारी आहे, पावसाची वाट पाहणे आहे. मर्ढेकरांनी यंत्रयुगाचे शब्द मराठी कवितेत आणून कितीतरी दशके झाली; त्यानंतरही पोत्यावरचे आकडे कवितेला वर्ज्य आहेत असे मुलांना वाटत असेल, तर ते कुणी शिकवले हे तपासायला हवे.

दिवाळीच्या निमित्ताने फटाक्यांवरच्या कविता हमखास येतात: स्ट्रॉन्शियमचा लाल, सोडियमचा पिवळा, तांब्याचा निळा, बेरियमचा हिरवा. रंगांची ही यादी म्हणून अचूक असते. पण फटाक्यांत बेरियमचे क्षार वापरण्यास सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली मनाई केली, कारण हिरवा रंग विझल्यावर उरते ते श्वासातून आत जाते. आकाशातला हिरवा आणि शेजारच्या आजोबांचा खोकला या दोन्ही गोष्टी मुलाने एकाच संध्याकाळी अनुभवलेल्या असतात. त्या तीन ओळींत त्याने यातले काय ठेवले आणि काय गाळले, हे वाचताना मी अणुक्रमांक बरोबर आहे की नाही हे पाहत नाही.