आरएफसी ६४५५ वाचताना: जोडणी जुळली, पण माणूस कोण?

पेपर आपण ढिगाने वाचतो, मानकं मात्र क्वचितच उघडतो. वेबसॉकेटचं मानक, डिसेंबर २०११ चं आरएफसी ६४५५, एकदा नीट वाचाच. त्यात काय सोडून दिलंय, तिकडे लक्ष ठेवा.

समजा, तुम्ही जावामध्ये ऊससल्ल्याचं चॅट बांधताय. एका टोकाला बारामतीच्या कृषी विज्ञान केंद्रातले तज्ज्ञ, दुसऱ्या टोकाला इंदापूर तालुक्यातला शेतकरी. त्याने तणनाशकाचं प्रमाण विचारलं आणि तज्ज्ञाच्या नावाने भलत्यानेच उत्तर दिलं, तर उभा ऊस करपेल.

हँडशेकमध्ये सर्व्हर ब्राउझरच्या किल्लीवर एसएचए-१ चालवून उत्तर देतो. बऱ्याच जणांना ही सुरक्षा वाटते. त्यातून कळतं एवढंच, की पलीकडच्याला वेबसॉकेट समजतं. माणूस ओळखायचं काम कलम १०.५ एचटीटीपीवर सोपवतं: कुकी, एचटीटीपी ऑथेंटिकेशन किंवा टीएलएस.

कागदावर हे ठीक. पण ब्राउझरमधल्या जावास्क्रिप्टला या जोडणीवर ऑथोरायझेशन हेडर लावता येत नाही. मग लोक टोकन यूआरएलमध्ये घालतात आणि ते सर्व्हरच्या लॉगमध्ये पडून राहतं. कुकी वापरली आणि तिच्यावर सेमसाइटचं बंधन नसेल, तर परकं पानही तुमच्या लॉगिनवर जोडणी उघडू शकतं. ओरिजिन तपासणं सर्व्हरचं काम. टॉमकॅटचं मूळ 'चेकओरिजिन' मात्र सगळ्यांनाच होकार देतं.

संदेशातलं 'पाठवणारा' हे खानं कोणीही भरू शकतो. म्हणून नाव सेशनच्या 'गेटयुजरप्रिन्सिपल'मधूनच घ्या.

राहिला वेळेचा प्रश्न. इथे तपासणी एकदाच होते, जोडणी मात्र तासन् तास चालते. २०१३ च्या जेएसआर ३५६ नुसार लॉगिनचं एचटीटीपी सेशन संपलं, की कंटेनरने १००८ कोड देऊन संरक्षित जोडणी बंद करायची असते. तुम्ही नुसतं टोकन वापरलंत, तर ही सोय मिळत नाही. मुदत तुम्हालाच सांभाळावी लागते.

माझा आक्षेप असा: ओळख एचटीटीपीवर सोपवणं चूक नाही, पण जबाबदारी मानक, ब्राउझर आणि जावा अशा तिघांत वाटली गेली आणि मधली फट कोणाचीच उरली नाही. संशोधनाचा प्रश्न बहुतेकदा अशाच फटीत सापडतो. पुढचं मानक वाचताना समासात तीन प्रश्न लिहा: कोण तपासतं? कधी? आणि ती तपासणी किती वेळ खरी राहते?