सावलीचा विधी आणि फसण्याची अट

'व्हँपायर: द मास्करेड' हा टेबलाभोवती बसून, गोष्ट रचत आणि फासे टाकत खेळायचा रोलप्लेइंग गेम. मार्क राइन-हेगन यांचा हा गेम १९९१ मध्ये आला. पाचवी आवृत्ती २०१८ची. खेळणारे सगळे रक्तपिपासू पात्रं होतात. त्यांच्यात 'लासोम्ब्रा' नावाचं एक घराणं आहे. आरशात यांचं प्रतिबिंब नीट दिसत नाही आणि सावली यांच्या हुकमात असते. पाचव्या आवृत्तीत या विद्येचं नाव 'ऑब्लिव्हियन'. सावली आणि मृतात्मे दोन्ही त्यातच येतात. त्यातल्या विधीला 'सेरेमनी' म्हणतात.

आता तुम्ही म्हणाल, पीएचडीच्या तयारीत हे कशाला? कारण या काल्पनिक जादूटोण्यात एक गोष्ट आहे, जी खऱ्या आयुष्यातल्या जादूटोण्याच्या आरोपात कधीच नसते. ती म्हणजे फसण्याची अट.

विधी कसा चालतो बघा. साहित्य ठरलेलं, वेळ ठरलेली. मग पात्राचा निर्धार आणि विद्या यांची बेरीज जितकी, तितके दहा बाजूंचे फासे टाकायचे. ६ किंवा जास्त आलं की एक यश. पहिल्या पायरीच्या विधीला दोन यशं लागतात. समजा पाच फासे आहेत. ३२ पैकी ६ शक्यतांमध्ये दोन यशं मिळत नाहीत. म्हणजे १८.७५ टक्के वेळा विधी फसतो, आणि हे टेबलावरच्या सगळ्यांना आधीच माहीत असतं. वर किंमत वेगळी: आणखी एक फासा टाकायचा, १ ते ५ आलं तर रक्ताची भूक वाढते. त्यात १ किंवा १० आलं तर पात्राच्या माणुसकीवर डाग लागतो.

आता आपल्या जिल्ह्यांकडे या. ऑगस्ट २०२१ मध्ये चंद्रपूरच्या जिवती तालुक्यात, वणी खुर्द गावात, भानामतीच्या संशयावरून सात जणांना बांधून मारहाण झाली. त्यात म्हातारी माणसं आणि बायका होत्या. मे २०२४ मध्ये गडचिरोलीच्या एटापल्ली तालुक्यात, बारसेवाडा गावात, जादूटोण्याच्या संशयावरून एका बाईला आणि एका पुरुषाला मारून जाळण्यात आलं.

अशा आरोपाची रचना तपासा. आजारी माणूस दगावला तर करणी झाली. बरा झाला तर उतारा लागू पडला, म्हणजे करणी होतीच. संशयित गप्प बसला तर दोषी, चिडला तरी दोषी. कुठलंही निरीक्षण आलं तरी निष्कर्ष तोच. कार्ल पॉपरचा खंडनक्षमतेचा निकष तुम्ही पाठ केला असेल. तो नसला की काय होतं, ते इथे दिसतं. किंमतही आरोप करणाऱ्याला पडत नाही, सगळी समोरच्याच्या अंगावर जाते.

मग गेम निर्दोष का? नाही. माझा मोठा आक्षेप हा, की गेममध्ये सावली नेहमी बलवानाच्या हातात असते. लासोम्ब्रा म्हणजे सत्ताधारी, मोठ्या घरचे. प्रत्यक्षात 'हिच्याकडे विद्या आहे' असं गाव ज्याच्याबद्दल म्हणतं, तो बहुतेक वेळा एकटा पडलेला असतो. त्याच्याकडे शक्ती नसते, फक्त शिक्का असतो. गेममध्ये विधी करणारा असतो. आपल्याकडे फक्त विधी केल्याचा आरोप करणारे असतात. तो आरोप मोजणारा एकही फासा गेममध्ये नाही. २०१३ च्या महाराष्ट्राच्या जादूटोणाविरोधी कायद्याने मात्र नेमकं हेच पकडलंय: कुणी करणी करतो असं जाहीर करून त्याला त्रास देणं हाच गुन्हा. शिक्षा सहा महिने ते सात वर्षं.

पण 'लोक अडाणी आहेत' म्हणून मोकळं होणं हेही संशोधन नाही. तेही कशानेच खोटं ठरत नाही. मूल का गेलं, हा गावाचा प्रश्न खरा आहे. उत्तर चुकीचं आहे. त्याच प्रश्नाला तपासता येईल असं उत्तर गडचिरोलीतच दिलं गेलंय. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने ३९ गावांत घरोघरी नवजात बाळांची काळजी घेतली आणि ४७ गावं तुलनेसाठी ठेवली. १९९९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये निकाल आला: नवजात मृत्युदरात तिसऱ्या वर्षी ६२ टक्के घट. दोन्हीकडच्या गावांत फरक पडला नसता, तर सगळी कल्पना तिथेच पडली असती. ही जोखीम त्यांनी आकडे हाती येण्याआधी पत्करली.

म्हणून सिनॉप्सिस लिहायला बसाल तेव्हा गृहीतकाच्या खाली एक ओळ लिहा: 'अमुक दिसलं तर माझं म्हणणं चूक.' ती ओळ सुचत नसेल तर गाईडकडे जाऊ नका, आधी प्रश्न बदला. रक्तपिपासूंच्या गेमलाही तेवढी शिस्त जमली आहे.