विळीची पारख

कोल्हापूरच्या नव्या राजवाड्यांतील शस्त्रें पाहावयास मंडळी आवर्जून जातात. घरची जुनी विळी मात्र मोडींत निघते. पुण्यास दिनकर केळकरांनीं (१८९६–१९९०), कवि ‘अज्ञातवासी’ ते हेच, अडकित्ते नि विळ्या जमवून या उपेक्षेस उत्तर दिलें. त्यांचे उपकार मोठे. तथापि संग्राहकांची नजर नक्षीवरच खिळते, ही आमची तक्रार आहे. पितळी मोर कारागिराचें कसब सांगतो, गृहिणीचें नाहीं. तें पात्यांत वाचावें. वारंवार धार लावून मधोमध झिजलेलें पातें, बोथटलेले खवणीचे दांते, पायाखालीं गुळगुळीत झालेला लांकडी पाट, यांवरून विळी किती राबली तें कळतें. अशी विळी ‘खराब’ म्हणून सोडून कोरी उचलणाऱ्यास आम्ही पारखी म्हणणार नाहीं.