ठाण्याहून लिहिलेले एक पत्र

ठाण्याच्या चार रक्तसाक्ष्यांची कथा आपल्यापैकी अनेकांनी ऐकली असेल. एप्रिल १३२१ मध्ये टॉलेंटिनोचा थॉमस, पाडुआचा जेम्स, सिएनाचा पीटर व तिफ्लिसचा दिमेत्रियस हे फ्रान्सिस्कन बंधू या नगरीत मारले गेले. पुढे येथे आलेल्या ओडोरिक या फ्रान्सिस्कन प्रवाशाने ती हकीकत लिहिली. ठाण्यातील नेस्तोरियन ख्रिस्ती लोकांची १५ घरे, त्यांतील एका घरी उतरलेले हे पाहुणे, त्या घरच्या नवराबायकोचे काझीपर्यंत गेलेले भांडण आणि साक्षीदार म्हणून यांच्यावर ओढवलेला प्रसंग : येथवर ओडोरिकची लेखणी जिवंत आहे. मग जेम्स धगधगत्या आगीतून दोनदा सुखरूप बाहेर येतो, आणि कथेतील भयच नाहीसे होते. अशा श्रद्धेपुढे आपण हात जोडतो. परंतु घरात दुखणे आले, नोकरी गेली, की तिचा आधार घ्यायला मन कचरते.

म्हणूनच जॉर्डनसचे पत्र आम्हांस अधिक मोलाचे वाटते. डॉमिनिकन संघाचा हा धर्मगुरू त्या चौघांचा सोबती होता. घटनेच्या वेळी तो भरुचकडे गेला होता. परतल्यावर त्याने त्यांचे देह सोपाऱ्यास नेऊन पुरले. जानेवारी १३२४ मध्ये त्याने ठाण्यातूनच आपल्या संघबंधूंना पत्र लिहिले. अडीच वर्षे आपण एकटे आहोत, चाच्यांनी धरले, तुरुंगवास घडला, अंगावर सदऱ्याखेरीज काही उरले नाही, डोके, छाती, पोट सतत दुखते, हे तो लपवीत नाही. सोबत्यांबरोबर आपणही का मेलो नाही, असा आक्रोशही त्यात आहे. आणि हे सारे मरेपर्यंत आनंदाने सोसण्याची तयारी तो त्याच दमात सांगतो. विलाप आणि विश्वास असे शेजारी शेजारी आपण स्तोत्रसंहितेत वाचतो. कल्याण-डोंबिवलीच्या नव्या वसाहतींत गणगोतापासून दूर पडलेल्या कुटुंबांना हा स्वर ओळखीचा वाटेल. विशेष म्हणजे देवावर भरवसा ठेवूनही तो माणसांची मदत मागण्यास संकोचत नाही : आणखी बंधू पाठवा, अशी त्याची विनवणी आहे. याच जॉर्डनसला १३२९ मध्ये पोप बावीसावे जॉन यांनी कोल्लमचा बिशप नेमले.

पत्र सर्वत्र एकाच उंचीवर राहत नाही. पोपमहोदयांनी या समुद्रावर दोन गलबते ठेवली तर अलेक्झांड्रियाच्या सुलतानाचे किती नुकसान होईल, असा हिशेबही जॉर्डनस मांडतो. हेन्री यूल यांनी १८६६ मध्ये केलेल्या इंग्रजी अनुवादात हा मजकूर आहे. पत्राचा सारांश देणाऱ्याला तो गाळण्याचा मोह होईल; आम्ही तो मुद्दाम नोंदवीत आहोत.