नांगर टाकल्यानंतरची नाव

दौंड तालुक्यात राजेगाव, खानोटा या बाजूला उजनीचा फुगवटा पसरला आहे. तिथल्या भोई मंडळींकडे मी बरीच वर्षे जातो. मासळीसाठी कमी, शब्दांसाठी जास्त. रात्री पाण्यावर काय झाले असे विचारले तर उत्तर दोन वाक्यांत संपते. होडी काठाला लागल्यानंतरचे मात्र तासभर चालते. जाळे कुठे फाटले, कोण कोणाशी बोलेना, भिगवणच्या बाजारात काय भाव निघाला.

सागरप्रवासाची पुस्तके मी याच सवयीने वाचतो.

कमांडर दिलीप दोंदे १९ ऑगस्ट २००९ रोजी ‘म्हादेई’ घेऊन एकटे मुंबईहून निघाले आणि मे २०१० मध्ये परतले. शिडाच्या नावेतून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करणारे ते पहिले भारतीय. मोहीम २७६ दिवसांची. त्यांतले समुद्रावरचे दिवस १५७. उरलेले ११९ दिवस, म्हणजे पाचातले दोन हिस्से, कुठे गेले? फ्रीमँटल, लिटलटन, फॉकलंड बेटांवरचे पोर्ट स्टॅन्ली आणि केप टाऊन या चार मुक्कामांत. माझ्या वाचनात आलेल्या मराठी गौरवलेखांत या दिवसांना एखादे वाक्य मिळते. लाटा, वादळ, केप हॉर्न, तिरंगा, की लेख संपला. हा वीररसाचा हव्यास आपल्या बखरींइतका जुना आहे, पण त्यामुळे नावेवरचे जगणेच हातातून निसटते.

स्वतः दोंदे यांचे ‘द फर्स्ट इंडियन’ हे पुस्तक या बाबतीत जास्त प्रामाणिक आहे. समुद्र शोधत आलेल्या वाचकाला ते आधी गोव्यातल्या दिवाडी बेटावर, रत्नाकर दांडेकरांच्या कारखान्यात बसवून ठेवते. अशी नाव दांडेकरांनी पूर्वी बांधलेली नव्हती. पुस्तकाचा जीव मला त्याच पानांत दिसतो. मोहिमेची मूळ कल्पना व्हाइस अॅडमिरल मनोहर आवटी यांची, आणि निवृत्तीनंतर ते राहिले फलटण तालुक्यातल्या विंचुर्णीला! आमच्यासारख्या दुष्काळी भागातल्या माणसाला याचे अप्रूप वाटणारच.

‘म्हादेई’चा आराखडा डच होता आणि त्याचे नाव ‘टोंगा ५६’. टोंगा हा पॉलिनेशियातला द्वीपसमूह. नावापुरताच हा धागा, पण तो धरून मी बेन फिनी या मानववंशशास्त्रज्ञाच्या १९७९ च्या पुस्तकापर्यंत गेलो. ‘होकुलेआ’ या जोडनावेने १९७६ साली हवाई ते ताहिती प्रवास केला, होकायंत्राशिवाय. वाट दाखवणारे माऊ पियाइलुग हे मायक्रोनेशियातल्या सातावल बेटाचे, म्हणजे पॉलिनेशियन नव्हेतच. पुरातन प्रवासाची नक्कल म्हणून नावेवर डुक्कर, कुत्रा आणि कोंबड्याही होत्या. ४ जूनला पापीएते बंदरात हजारो लोक जमले. इतकी मुले वर चढली की नावेचा मागचा भाग पाण्यात दबला.

गौरवलेख इथे थांबला असता. फिनी थांबत नाही. अपुरी जागा, रुचत नसलेले अन्न, हवाईच्या काही तरुणांचा गोऱ्या सहकाऱ्यांवरचा राग, हे सगळे तो लिहितो. तो स्वतः त्या भांडणातला एक पक्ष होता, म्हणून त्याचे म्हणणे जपून घ्यावे लागते. तरी लपवले नाही याचे मोल मोठे.

दोन्ही पुस्तके शेजारी ठेवली की नांगर टाकण्याचा अर्थच उलटा होतो. दोंदे यांना समुद्रावर कोणी नाही. बंदर लागले की माणसे भेटतात. ‘होकुलेआ’वर माणसे नको तितकी, आणि बंदर लागले की प्रथमच उतरून निघून जाता येते. माऊ यांनी तेच केले. सहकाऱ्यांच्या वागण्याला विटून ते विमानाने घरी गेले, आणि परतीच्या वाटेवर ‘होकुलेआ’ने उपकरणे वापरली.