बैलाची फिर्याद

मूर्तिपूजेचे खंडन करणारे आद्य ख्रिस्ती वाङ्मय आज आपल्या घरांत फारसे वाचले जात नाही. त्यातील एक ग्रंथ मात्र यवतमाळसारख्या कास्तकारांच्या जिल्ह्यात आवर्जून परिचित व्हावा असा आहे. त्याचा कर्ता आर्नोबियस हा उत्तर आफ्रिकेतील सिक्का या गावचा वक्तृत्वशास्त्राचा शिक्षक. इ. स. ३०० च्या सुमारास, रोमन छळाच्या काळात, त्याने हा सात भागांचा लॅटिन ग्रंथ लिहिला. त्याच्या मनःपरिवर्तनावर बिशपांचा विश्वास बसेना, म्हणून त्याने लेखणीने प्रचीती दिली, असे संत जेरोम सांगतात.

ग्रंथाचा बराच भाग देवकथांच्या उपहासाने व्यापलेला आहे. तो चतुर असला तरी लवकर शिळा होतो. सातव्या भागात मात्र आर्नोबियस बळीसाठी उभ्या केलेल्या बैलालाच बोलते करतो. अपराध माणसाचा, मग रक्त माझे का? मलाही श्वास आहे, इंद्रिये आहेत, पिलांची माया आहे. ही फिर्याद पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलाचा खांदा हळद-तुपाने शेकणाऱ्या शेतकऱ्याला समजावून सांगावी लागत नाही.

आपल्या मराठीत हाच वारसा फादर एतिएन दला क्रुआ या फ्रेंच येशूसंघीयाने चालविला. संत पेत्रावरील त्याचे ओवीबद्ध पुराण १६२९ साली गोव्यात छापले गेले. भाषेवरील त्याचे प्रभुत्व निःसंशय मोठे. परंतु त्याने उचलला तो मुख्यतः उपहास. शिवाय आर्नोबियस छळ सोसणाऱ्यांच्या बाजूने बोलत होता. दला क्रुआच्या पाठीशी राजसत्ता होती, आणि साष्टीतील देवळे १५६७ सालीच पाडली गेली होती. दुबळ्याच्या तोंडी जो युक्तिवाद शोभतो, तोच बलवानाच्या तोंडी दरडावणी ठरतो.

शेजारच्या अमरावती जिल्ह्यात १८७६ साली जन्मलेल्या गाडगेबाबांनी जत्रांतील पशुहत्येविरुद्ध आयुष्यभर कीर्तने केली. ते ख्रिस्ती नव्हते. पण बैलाची फिर्याद त्यांनी ऐकली होती. श्रोत्यांना प्रश्न विचारून ते त्यांच्याच तोंडून उत्तर वदवीत, आणि म्हणून लोक ऐकत.

वाचकहो, बळी नको, दया हवी, हे होशेय संदेष्ट्याचे वचन प्रभू येशूने परूशांना, म्हणजे धर्मनिष्ठांनाच, ऐकविले होते. नवस बोलून, मेणबत्त्या मोजून परमेश्वराशी सौदा करणाऱ्या आपल्यालाही ते लागू आहे. आर्नोबियस वाचावा तो शेजाऱ्याच्या देव्हाऱ्याकडे बोट दाखविण्यासाठी नव्हे, आपली वेदी तपासण्यासाठी.